डिशवॉशरला डिटर्जंट कोणतं घालू? घरोघरी विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे डिशवॉशर आला तो २०२० च्या लॉकडाउनमध्ये. मावशींचं येणं बंद झालं आणि घरातल्या चौघांत 'आज भांडी कोणाची' यावरून रोज भांडण. यंत्र आलं, भांडण मिटलं. मग डिटर्जंटचे प्रयोग सुरू झाले. तेव्हापासून नातेवाईक, शेजारी आणि त्यांचे शेजारी मला तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

पावडर, टॅब्लेट की जेल? एका वाक्यात सांगा.

आपल्या स्वयंपाकाला पावडर, सोबत वेगळं डिशवॉशरचं मीठ आणि वेगळं रिन्स एड (शेवटच्या पाण्यात सुटून भांडी निथळवणारं द्रव).

दुसरं वाक्यही ऐकून घ्या: डिटर्जंट निवडण्याआधी तुमच्या नळाला कोणतं पाणी येतं, क्षारांचं जड की हलकं, ते बघा. कंपनीचं नाव, खोक्यावरचा चकचकीत पेला, लिंबाचा वास हे सगळं त्यानंतर. शेजारणीकडे छान चाललेली टॅब्लेट तुमच्याकडे फसली, तर बहुतेक वेळा टॅब्लेटचा दोष नसतो, बोअरचा असतो.

पण टॅब्लेट किती सोपी! पावडरीचा आग्रह का?

सोपी आहेच. पण पावडर कमीजास्त करता येते. चहाचे कप आणि नाश्त्याच्या बशा असतील तर थोडी, मटणाचं पातेलं असेल तर कप्पा भरून. शिवाय जास्त तेलकट भांडी असली की चमचाभर पावडर दाराच्या आतल्या बाजूला किंवा प्री-वॉशच्या खाचेत टाकता येते, म्हणजे पहिल्या पाण्यापासूनच तेल सुटायला लागतं. टॅब्लेट कप्प्यात बंद असते, ती मुख्य धुण्यातच बाहेर पडते; पहिलं पाणी नुसतं पाणीच. अर्ध्या तासाच्या झटपट प्रोग्रॅममध्ये तर टॅब्लेट कधीकधी पुरती विरघळतही नाही आणि शेवटी कप्प्यात चिकट लगदा सापडतो.

जेल मी सहसा सुचवत नाही. ब्लीच आणि एन्झाइम द्रवात एकत्र फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे जेलमध्ये बहुधा ब्लीच नसतं. चहाचा राप आणि हळद काढायला नेमकं तेच लागतं. एकट्यादुकट्या माणसाला, पावभाजी बाहेरच खाणाऱ्याला जेल पुरेल.

टॅब्लेट कोणी घ्यावी? यंत्र घरातलं कोणीही लावतं, कोणालाच मोजमापाचा कंटाळा सोसत नाही आणि रोज यंत्र पूर्ण भरतं, अशा घरांनी.

माझं पाणी जड आहे की नाही, कसं ओळखू?

शाळेच्या पुस्तकात ज्याला दुष्फेन पाणी म्हणतात तेच हे. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. घरातल्या खुणा सोप्या आहेत: बादलीच्या कडेला पांढरी रेघ, गीझरच्या कॉइलवर चुन्याचा थर, शॉवरची भोकं बुजलेली, केस धुतल्यावर राठ.

पारदर्शक बाटलीत अर्धं पाणी घ्या, साध्या साबणाचा कीस टाका (डिटर्जंट नको, साबणच) आणि जोरात हलवा. भरपूर फेस आला आणि खालचं पाणी स्वच्छ राहिलं तर पाणी हलकं. फेस नावापुरता आणि पाणी दुधाळ, वर साय धरलेली, तर जड. नेमका आकडा हवा असेल तर यंत्रासोबत आलेली चाचणीची पट्टी वापरा. ती खोक्याच्या तळाशी सूचनापुस्तिकेत चिकटवलेली असते आणि बहुतेकांनी खोकं टाकताना फेकून दिलेली असते. सुटी मिळते.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५००, एकूण जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा म्हणतं. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतं. म्हणजे पिण्यायोग्य ठरलेलं पाणीसुद्धा काचेच्या पेल्याला नकोसं असू शकतं.

ढोबळ मानाने, मुंबईचं तानसा-भातसा-वैतरणेचं आणि पुण्याचं खडकवासल्याचं धरणाचं पाणी हलकं. कोकण-गोव्यातल्या जांभ्या दगडातल्या विहिरींचं पाणीही बहुधा हलकंच. काळ्या कातळात खोल नेलेल्या बोअरचं जड. आणि टँकरचं? आज एका विहिरीचं, उद्या दुसऱ्या बोअरचं. आमची सोसायटी पुण्याच्या कडेला आहे. आठ महिने पालिकेचं पाणी, मार्चपासून टँकर. दर एप्रिलला सगळ्या मजल्यांवर एकच तक्रार सुरू होते, 'डिटर्जंट बिघडलंय का हो?' डिटर्जंट तेच असतं. यंत्रावरची जडपणाची सेटिंग वर न्यायची असते, ते कोणी करत नाही.

डिशवॉशरचं मीठ म्हणजे नुसतं मीठच ना? मग घरातलं घातलं तर?

रसायन तेच, सोडियम क्लोराइड. पण काम ऐका म्हणजे फरक कळेल. यंत्राच्या तळाशी राळेच्या बारीक मण्यांचा डबा असतो. पाणी त्यातून जाताना मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदल्यात सोडियम सोडतात. काही फेऱ्यांनी मणी भरतात, मग मिठाचं दाट पाणी त्यांच्यावरून फिरवून ते पुन्हा रिकामे केले जातात. मिठाचं काम एवढंच. ते भांड्यांना लागत नाही, त्यामुळे ताटं खारट होतील ही भीती नको.

घरच्या बारीक मिठात ते मोकळं राहावं म्हणून आणखी पदार्थ मिसळलेले असतात आणि दाणा इतका बारीक की तो दबून गठ्ठा होतो. खडेमिठात माती आणि मॅग्नेशियमचे क्षार येतात, म्हणजे जे काढायचं तेच आपण आत ओततो. सैंधवाचंही तेच. इथे काटकसर नको. डिशवॉशरचं मीठ तसं महाग नसतं आणि हलक्या पाण्याला महिनोन् महिने पुरतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिल्यांदा भरताना मिठाच्या डब्यात आधी पाणी घालायचं, नंतर कधीच नाही. आणि मीठ धुणं लावायच्या अगदी आधी भरायचं, रात्री भरून सकाळपर्यंत तसंच ठेवायचं नाही. सांडलेलं मीठ स्टीलच्या तळावर पडून राहिलं तर बारीक खड्डे पाडतं. यंत्र लगेच चालू केलं की ते धुऊन जातं.

टॅब्लेटवर 'ऑल इन वन' लिहिलंय. तरी मीठ घालायचं?

पाणी हलकं असेल तर नाही घातलं तरी चालेल. या टॅब्लेटमध्ये क्षारांना बांधून ठेवणारे पदार्थ असतात, पण त्यांना मर्यादा आहे. बहुतेक कंपन्यांच्या सूचनांत ती साधारण २१ जर्मन अंश (जडपणा मोजायचं एक माप) असते. एक जर्मन अंश म्हणजे लिटरमागे १७.८ मिलिग्रॅम, म्हणजे हिशेब ३७५ च्या आसपास जातो. उन्हाळ्यातल्या बोअरला ही रेषा ओलांडायला वेळ लागत नाही. टँकरवर दिवस काढणाऱ्यांनी टॅब्लेटवर काहीही छापलेलं असो, मीठ भरावं.

रिन्स एड खरंच लागतं, की विकायची युक्ती?

मलाही आधी युक्तीच वाटली होती. पण ते शेवटच्या पाण्यात थेंब-थेंब सुटतं आणि पाण्याचा ताण कमी करतं. पाणी थेंब धरून न बसता पातळ पडद्यासारखं निथळून जातं, म्हणून डाग पडत नाहीत आणि भांडी लवकर सुकतात. प्लास्टिकच्या डब्यांत फरक लगेच दिसतो. प्लास्टिक उष्णता धरत नाही, त्यामुळे ते तसंही शेवटपर्यंत ओलं राहतं.

व्हिनेगर घालू का, असं पुढचं वाक्य असतं. नका. आंबटपणाने क्षार थोडे सुटतात, पण निथळण्याचं काम होत नाही, आणि रोजच्या व्हिनेगरने रबरी भाग लवकर खराब होतात.

काचेचे पेले पांढरट झालेत. डिटर्जंट बदलू?

थांबा, आधी एक पेला पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा लिंबाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा. पांढरेपणा गेला तर तो क्षारांचा थर होता: मीठ भरा, जडपणाची सेटिंग वाढवा, रिन्स एड वाढवा.

गेला नाही, बोट फिरवल्यावर काच खरखरीत लागली किंवा उजेडात धरल्यावर इंद्रधनुषी झाक दिसली, तर काचच झिजली आहे. ती परत येत नाही. हे उलट कारणाने होतं: पाणी हलकं, डिटर्जंट जास्त, तापमान जास्त. अशा घरी लोक पांढरेपणा बघून डिटर्जंट आणखी वाढवतात आणि उरलेले पेलेही घालवतात. मीही घालवले, लग्नात आलेला सहाचा संच होता. आता त्यातले दोन उरलेत, तेही पेन ठेवायला.

हे सगळं परदेशी जेवणासाठी बनलेलं. आपली कढई निघते का?

निघते. पण काय कशाने निघतं हे माहीत असलं तर.

भात, पोहे, उपमा, डोशाचं पीठ हे सगळं पिष्ट. वाळलेली पेज किती घट्ट धरते ते आपल्याला सांगायला नको. आजी साड्यांना खळ द्यायची ती याच पेजेची. ती तोडायला अमायलेझ नावाचं एन्झाइम लागतं. वरण, दूध, अंडं, दही ही प्रथिनं, त्यांना प्रोटीएझ. लेबलवर नुसतं 'एन्झाइम' लिहिलेलं असलं तरी बहुधा हेच दोन असतात. जमेल तर दोन्हींची नावं दिलेलं डिटर्जंट घ्या. एन्झाइमांना ५० ते ६० अंश तापमान मानवतं आणि थोडा वेळ लागतो. म्हणून तो लांबलचक इको प्रोग्रॅम, ज्याला सगळे नावं ठेवतात, भाताच्या पातेल्याला उत्तम.

तेल-तुपाचं काम अल्कलीचं. पावडरीत सोडियम कार्बोनेट असतं, ते तेलाला फोडतं. यात नवल काही नाही. चुलीतली राख आणि नारळाची शेंडी घेऊन जी भांडी लख्ख व्हायची, त्या राखेत पोटॅशियम कार्बोनेटच होतं, घासायला खरखरीतपणा वर फुकट. तूप मात्र थंडीत गोठून बसतं, त्याला ६५-७० अंशांचा प्रोग्रॅम द्या.

हळद, चहा, टोमॅटोची ग्रेव्ही यांना ऑक्सिजन ब्लीच हवं. लेबलवर सोडियम परकार्बोनेट असं नाव असतं. स्टीलवर हळद टिकतच नाही. पण प्लास्टिकच्या डब्यात ती आत मुरते आणि कोणतंही डिटर्जंट पुरं पडत नाही. डबा धुऊन दोन दिवस उन्हात ठेवा. हळदीचा रंग उजेडात उडतो, आणि आपल्याकडे ऊन भरपूर.

करपलेलं दूध किंवा खाली लागलेली खीर मात्र यंत्राच्या जिवावर सोडू नका. रात्रभर भिजवा, उलथन्याने खरवडा, मग आत ठेवा. डिशवॉशर पाणी मारतो, घासत नाही.

आधी विसळून ठेवायची का?

खरकटं काढा, विसळू नका. कढीपत्ता, मोहरी, हाडं, मिरचीची देठं ताटातून झटका, बाकी राहू द्या. बऱ्याच यंत्रांत ऑटो प्रोग्रॅमला पाण्याचा गढूळपणा मोजणारा सेन्सर असतो. विसळलेली भांडी दिली तर पाणी स्वच्छ बघून तो हलकं धुणं उरकतो आणि कढईच्या कडेचा ओशटपणा तसाच राहतो. शिवाय एका फेरीला यंत्र साधारण १० लिटर पाण्यात भागवतं, तेवढं तर नळाखाली विसळतानाच वाहून जातं.

मोहरी आणि जिरं फिल्टरमध्ये अडकतात. फिल्टर आठवड्यातून एकदा काढून धुवा. भांड्यांना येणाऱ्या वासाबद्दल डिटर्जंटला दोष देणाऱ्या दहातल्या नऊ जणांनी फिल्टर उघडलेलाच नसतो, अशी माझी खात्री आहे.

डिटर्जंट संपलंय. हाताने घासायचं लिक्विड चमचाभर चालेल?

नाही. मी केलंय. वीस मिनिटांत दाराखालून फेस आला, स्वयंपाकघरभर पसरला आणि यंत्र गळतीचा इशारा देत बंद पडलं. हाताच्या लिक्विडचा मोठेपणाच फेसात, आणि यंत्राच्या डिटर्जंटची अटच मुळी फेस नको. फेसात पंप हवा खेचतो आणि पाण्याला जोर राहत नाही. असं झालंच तर यंत्र बंद करा, पाणी काढून टाकायचा पर्याय दाबा, फेस वाटीने उपसा आणि दोनतीन वेळा नुसत्या पाण्यावर फिरवा. कपड्यांची पावडरही नको, तिचाही फेस होतो आणि वास ताटात उतरतो.

एक दिवस हाताने घासा. जग बुडत नाही.

घरी करता येईल का? धुण्याचा सोडा, खायचा सोडा, लिंबूसत्त्व असं काहीतरी?

व्हिडिओ मीही पाहिलेत. धुण्याचा सोडा तेल काढतो हे खरं, पण जड पाण्यात त्याचा कॅल्शियमशी संयोग होऊन चुनाच तयार होतो आणि तो काचेवर बसतो. लिंबूसत्त्व त्यात मिसळलं की दोघं एकमेकांना मारतात. फसफसतं छान, उरतं थोडं. एन्झाइम आणि ब्लीच तर त्यात नाहीतच. लिंबूसत्त्वाचा खरा उपयोग वेगळा: महिना-दोन महिन्यांतून एकदा, यंत्र रिकामं असताना, डिटर्जंटशिवाय, गरम प्रोग्रॅमवर. आतला क्षारांचा थर सुटतो. क्लोरीनचं ब्लीच त्याच्यासोबत कधीही घालू नका, विषारी वायू तयार होतो.

कोणत्या भांड्यांना कोणतंच डिटर्जंट चालत नाही?

ॲल्युमिनियम आणि हिंडालियम काळं पडतं, मग परत उजळत नाही. कूकर ॲल्युमिनियमचा असेल तर बाहेरच. स्टीलचा असेल तर शिट्टी आणि रिंग काढून. बिडाचा आणि लोखंडी तवा नको, वर्षानुवर्षं मुरवलेलं तेल एका फेरीत जातं आणि सकाळी तांबूस गंज. पितळ, तांबं, कल्हईची पातेली, चांदीच्या वाट्या, पोळपाट-लाटणं, रवी, सोन्याची कड असलेल्या कपबश्या: सगळं हाताने. देवाची भांडी चिंचेनेच बरी.

ताटाला डिटर्जंट राहून पोटात जात असेल ना?

नीट चाललेल्या घरच्या यंत्रात मुख्य धुण्यानंतर स्वच्छ पाण्याच्या फेऱ्या होतात, त्यामुळे डिटर्जंट फारसं उरत नाही. रिन्स एड शेवटच्या पाण्यात पडतं, त्यामुळे शंका घ्यायची तर त्याची. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी आतड्याच्या पेशींवर रिन्स एडमधल्या अल्कोहोल इथॉक्सिलेट या घटकाचा अपाय प्रयोगशाळेत दाखवला. त्यांचा मुख्य रोख हॉटेलं-कँटीनमधल्या झटपट धुणाऱ्या मोठ्या यंत्रांवर होता. मी त्यातून एवढंच घेतलं की रिन्स एडची सेटिंग सर्वांत खालच्या खुणेपासून सुरू करायची आणि डाग पडले तरच वाढवायची. भांडी चिकट किंवा निळसर वाटली, तर ती जास्त आहे.

खरी काळजी लहान मुलांची. ही पावडर तीव्र अल्कलीची असते, तोंड-घसा भाजू शकते, आणि रंगीत टॅब्लेट गोळीसारखी दिसते. डबा वरच्या फळीवर, कडीत. मुलाने तोंडात घातलीच तर तोंड पाण्याने धुवा, उलटी करवू नका, डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

टॅब्लेटवरचा पातळ पापुद्रा काढायचा का?

पाण्यात विरघळणारा असेल तर नाही, फक्त हात कोरडे हवेत. कडक चुरचुरीत प्लास्टिक असेल तर काढा. शंका आली तर खोक्यावर बघा.

महिन्याला किती खर्च येईल?

किमती बदलतात, म्हणून हिशेबाची रीत देते. भरलेल्या यंत्राला पावडर साधारण २० ते २५ ग्रॅम, म्हणजे किलोभरात ४० ते ५० फेऱ्या. पावडरीच्या किमतीला ४५ ने भागा, टॅब्लेटच्या खोक्याला आतल्या नगांनी, आणि समोरासमोर ठेवा. हलक्या पाण्यात मी १५ ग्रॅमवर भागवते, तिथे पावडर आणखी पुढे जाते. टॅब्लेट अर्धी कापून घालणारेही भेटलेत. थरांची टॅब्लेट कापली की कोणत्या अर्ध्यात काय आलं ते कळत नाही, आणि पिशवीची तर कापताच येत नाही.

फॉस्फेट नसलेलं घ्यावं का?

घ्यावं. फॉस्फेट क्षारांना छान बांधतं, म्हणून पूर्वी सर्रास असायचं. पण ते नदीत गेलं की शेवाळ आणि पाणवनस्पती माजतात. युरोपीय संघाने घरगुती डिशवॉशर डिटर्जंटमधल्या फॉस्फरसवर १ जानेवारी २०१७ पासून कडक मर्यादा घातली. पुण्यात मुळा-मुठेवर जलपर्णीची हिरवी गोधडी पसरते, ती सांडपाण्यातल्या अशाच पोषकद्रव्यांवर. तिच्यात आपल्या चमचाभर पावडरीचा वाटा नगण्य असेल, पण फॉस्फेटऐवजी सायट्रेट असलेला पर्याय मिळत असताना तो तरी का द्यायचा?

मुलगी अमेरिकेत आहे. तिच्या यंत्रात मिठाचा कप्पाच सापडत नाही म्हणते.

बरोबर म्हणते, तिथल्या बहुतेक यंत्रांत तो नसतोच. तिला ऑल इन वन टॅब्लेट आणि रिन्स एड सांगा. लंडनला असती तर पाणी चांगलंच जड, मीठ हवंच. स्कॉटलंडला मात्र हलकं.

पावसाळ्यात पावडरीचा दगड होतो, त्याचं काय?

ती ओल ओढते. मोठा पुडा स्वस्त पडतो म्हणून जूनमध्ये घेऊ नका. किलोचा घ्या, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या नव्हे, प्लास्टिकच्या डब्यात ओता, चमचा कोरडा, आणि डबा यंत्राच्या वर ठेवू नका, तिथे वाफ लागते. थोडे गोळे झाले तर फोडून वापरा. पूर्ण ढेकूळ झालं असेल तर ब्लीच आणि एन्झाइम बरेचसे गेलेले असतात. ते मोरी घासायला ठेवा, हातमोजे घालून.